ओल्या हाताचा क्लच

मी गाडीखाली पाठीवर पडले होते आणि माझा स्क्रूड्रायव्हर चेसीत मुठीपर्यंत घुसला होता.

चेसी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. इंजिन, चाकं, बॉडी, सगळं त्याच्यावर उभं असतं. चेसीला स्क्रूड्रायव्हर मारला तर टक्क असा आवाज यायला हवा. इथे खारी बिस्किटात घुसावा तसा तो आत गेला. वरून डांबरासारखा काळा थर ताजा मारलेला होता. त्याचा वासही गेला नव्हता.

"काय झालं?" वरून आवाज आला. मला फक्त एका पायातली चप्पल आणि दुसऱ्या पायातला कॅलिपरचा बूट दिसत होता.

"काही नाही. निघू या."

"निघू या म्हंजे? अजून भावसुद्धा नाय बोललो."

ही फिलोमिना. मढच्या कोळीवाड्यातली. माझ्याच वयाची, मासळीचा धंदा करणारी. डाव्या पायाला लहानपणीच पोलिओ झालेला, म्हणून त्या पायाला आधाराच्या लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर चालवत ती माझ्या गॅरेजला आली होती आणि म्हणाली होती, "मना जुनी फोर बाय फोर पिकअप घ्यायचीये. तू घेऊन दे आणि मी चालवीन अशी करून दे."

माझं गॅरेज मरोळला, एका इंडस्ट्रियल गाळ्यात आहे. मी डिप्लोमा केलेली ऑटोमोबाइल इंजिनिअर. आईला बरीच वर्षं वाटायचं की मी शोरूममध्ये गाड्या विकते. मी जुन्या गाड्या दुरुस्त करते आणि गिऱ्हाइकाला हव्या तशा बदलून देते. बहुतेक गिऱ्हाइकांना मोठे टायर, छतावर दिवे आणि घुमणारा आवाज हवा असतो. फिलोमिनाला यातलं काहीच नको होतं.

ती जी गाडी बघायला मला मढला घेऊन गेली होती, ती एका बंगल्याच्या आवारात उभी असलेली, शूटिंगला भाड्याने जाणारी होती. गोल दिवे, मागे उघडा हौदा, मिलिटरी हिरवा रंग. उन्हात अशी चमकत होती की कुणीही प्रेमात पडावं. फिलोमिना पडलीच होती.

"मॅडम, मोठे मोठे हीरो बसलेत या गाडीत," मालक म्हणाला.

"बसले असतील. चालवली कुणी?"

"म्हणजे?"

"समुद्राच्या वाऱ्यात उभी राहून हिची चेसी आतून सडलीय. भरलेली गाडी खड्ड्यात आपटली तर मधोमध वाकेल."

मालक चिडला. फिलोमिना त्याच्याहून जास्त चिडली. बंगल्याच्या गेटबाहेर आल्यावर ती माझ्याकडे वळली. "वेल्डिंग मारून होत नाय काय?"

"होतं. पण मग मी तुला त्यात बसू देणार नाही."

ती स्कूटरवर जाऊन बसली. स्कूटरला किक नव्हती, बटन होतं. ते तिने गरजेपेक्षा जोरात दाबलं.

मला तेव्हा राहून राहून एकच प्रश्न पडत होता, की हिला हीच गाडी कशाला? ऑटोमॅटिक गिअरची छोटी कार घे, क्लचच नसतो, डाव्या पायाला काम नाही. मी तिला तसं म्हटलंही.

"छोट्या कारमध्ये बोंबलाच्या टोपल्या कुठं ठेवू? मांडीवर?" ती म्हणाली. "आणि बोटी लागतात तिथं वाळू हाय. छोटी गाडी उतरली की रुतली."

फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते. दोन चाकं वाळूत गरगरली तरी बाकीची दोन ओढतात. तिचं म्हणणं बरोबर होतं. नवी, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर पिकअप तिच्या आवाक्यात नव्हती. सध्या ती भाड्याच्या टेम्पोवर होती. टेम्पो आणखी चार जणींचा माल उचलायचा आणि स्वतःच्या वेळेला निघायचा. हिच्या भावाची बोट उशिरा आली की टेम्पो गेलेला. मग माल मढमध्येच मिळेल त्या भावात द्यायचा, नाहीतर बर्फात घालून उद्याची वाट बघायची. मालाडच्या बाजारात तिची बसायची जागा होती, रोजची गिऱ्हाइकं होती, आणि ती जागा आठवड्यातून दोन-दोनदा रिकामी राहायला लागली होती. रिकाम्या जागेवर बाजारात दुसरं कुणीतरी बसतंच.

"आणि दुसरं," ती म्हणाली, "मना ती गाडी आवडते. तेवढं कारण पुरत नाय काय?"

पुरतं. माझ्याकडे येणाऱ्या पुरुषांना मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

मी शोधायला लागले. अट एकच, गाडी समुद्रापासून लांब राहिलेली हवी. पनवेलची एक बघितली, पुरात बुडून वर आलेली होती. भिवंडीच्या एकीचा इंजिन नंबर कागदांशी जुळेना. शेवटी बोरिवलीला, नॅशनल पार्कच्या बाजूच्या एका सोसायटीत, ताडपत्रीखाली एक उभी असल्याचं कळलं. मालक पाध्ये काका, जनरेटर दुरुस्तीचा धंदा करून निवृत्त झालेले. मागच्या हौद्यातून जनरेटर न्यायचे.

ताडपत्री काढली तेव्हा कबुतरांची घाण, चारही टायर बसलेले, एक दिवा फुटलेला, मूळ रंग निळा की राखाडी ते सांगता येत नव्हतं. फिलोमिनाचा चेहरा पडला. मी गाडीखाली गेले. टक्क. पुढे सरकले. टक्क. मागच्या टोकापर्यंत टक्क टक्क करत गेले आणि बाहेर आले तेव्हा मला हसू आवरत नव्हतं.

"ही घ्यायची," मी म्हटलं.

"ही?" फिलोमिना म्हणाली. "ही तर मेलेली हाय."

"इंजिन मेलंय. इंजिन मी उठवते. चेसी मेली तर देवसुद्धा उठवत नाही."

पाध्ये काका बाजूला उभे होते. त्यांनी विचारलं, "करणार काय तुम्ही हिचं?"

"मासळी वाहणार," फिलोमिना म्हणाली.

काकांनी मागच्या हौद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "वास जात नाही हो तो. एकदा बसला की बसला."

"जायला कशाला हवा? मासळीच्या गाडीला मासळीचाच वास येणार. तुमच्या वेळेला जनरेटरच्या डिझेलचा येत नव्हता काय?"

"मला वाटलं होतं कुणीतरी हौशी माणूस नेईल. जशी होती तशी करून ठेवेल."

"मी पण हौशीच हाय," फिलोमिना म्हणाली. "फक्त ठेवणार नाय. चालवणार."

तिने काकांना पटवलं असं मी म्हणणार नाही. सोसायटीने गाडी हलवायची नोटीस दिलेली होती आणि काकू दारातून "अहो, द्या ना एकदाची" असं दोनदा म्हणाल्या होत्या. काका एवढंच म्हणाले की एकदा बसून बघतो. ते सीटवर बसले, चावी फिरवली. काही झालं नाही. बॅटरीच नव्हती, काय होणार. पण ते तसेच दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मग उतरले आणि चावी फिलोमिनाच्या हातात दिली.

इंजिनाचं काम सांगून कंटाळा आणत नाही. पेट्रोल इंजिन होतं, खोललं, जे झिजलं होतं ते बदललं, बसवलं. पासिंगची कागदपत्रं एजंटने केली. गाडीचा जन्मापासून पिकअप असा नोंद झालेला प्रकार आम्ही बदलला नाही, म्हणून ते सोपं गेलं. हौद्यात थर्माकोलचा थर भरलेली पेटी बसवली. मासळीचं पाणी चेसीवर गळू नये म्हणून पेटीला नळी काढून थेट खाली सोडली. फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, खाली पाडल्यावर तिच्या कमरेला येईल असा केला. कारण टोपली उचलून वर टाकायची तर तिला दोन्ही पायांवर भार द्यावा लागतो.

खरं काम क्लचचं होतं.

गिअर बदलताना इंजिनाची ताकद चाकांपासून क्षणभर तोडावी लागते. ते काम क्लच करतो आणि तो डाव्या पायाने दाबायचा असतो. फिलोमिनाचा डावा पाय दाबू शकत नाही. म्हणजे क्लच हाताला द्यायला हवा. उजवा हात स्टिअरिंगवर. डावा गिअरवर. तिसरा हात देवाने दिलेला नाही. तेव्हा गिअरच्या दांड्यालाच क्लचची लिव्हर बसवायची, मोटारसायकलला असते तशी. बोटांनी लिव्हर आवळायची आणि त्याच हाताने गिअर टाकायचा.

अन्वरभाई माझा फोरमन. माझ्यापेक्षा वयाने मोठा आणि स्वभावाने निराश. त्याने ड्रॉइंग बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, बन जाएगा. लेकिन ये पुराना क्लच है, पत्थर जैसा. दिनभर दबाएगी तो हाथ निकल जाएगा."

त्यालाही उत्तर होतं. ब्रेक दाबायला मदत करणारा बूस्टर असतो. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीचा जोर बूस्टर वापरतो आणि माणसाला कमी जोर लावावा लागतो. तसाच एक आम्ही क्लचला लावला. क्लचचं पेडल काढून टाकलं आणि तिथे कॅलिपरचा बूट अडकून राहील असा एक खाचेचा फूटरेस्ट बसवला, म्हणजे बूट घसरून ब्रेकखाली जायला नको. स्टिअरिंगला एका हाताने फिरवायला गोल मूठ लावली.

आरटीओकडून बदलांची परवानगी घेतली, तिचं चारचाकीचं शिकाऊ लायसन्स काढलं, गाडीला लाल एल लावला. गाळ्यामागच्या मोकळ्या जागेत ती शिकली. लवकर शिकली. बंद पाडायची, शिव्या द्यायची, परत चालू करायची. काही दिवसांत गिअर असे बदलायला लागली की अन्वरभाई चहाचा ग्लास हातात धरून बघत उभा राहायचा.

मला वाटलं झालं. मी म्हटलं, आता मढला जाऊ, माल भरून एक फेरी मारू.

सकाळची वेळ. तिचा भाऊ पास्कल बोट घेऊन आला होता. बोंबील आणि कोळंबी. तिने नेहमीसारखं स्वतः माल निवडला, टोपल्या भरल्या, बर्फ मारला, पेटी लावली. पदराला हात पुसले आणि स्टिअरिंगवर बसली. मी बाजूच्या सीटवर. बोटी लागतात तिथून वर रस्त्याला यायला सिमेंटचा एक उतार आहे, त्याच्यावर शेवाळ. गाडी उतारावर मधोमध, कारण पुढून एक बाई पाटी घेऊन आडवी गेली म्हणून फिलोमिनाने ब्रेक मारला होता. बाई गेली. फिलोमिनाने लिव्हर आवळून पहिला गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दिला, आणि लिव्हर हळूहळू सुटायच्या ऐवजी एकदम तिच्या हातातून सटकली.

क्लच एकदम सुटला की गाडी उडी मारते. आमची गाडी पुढे उडाली, बंद पडली आणि वजनाने मागे घसरायला लागली. मागे बोटी, जाळी, माणसं. "ए, ए, ए!" असा ओरडा झाला. फिलोमिनाने उजव्या पायाने ब्रेक असा दाबला की ती सीटवरून अर्धी उठली. मी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. फाळका आणि एका बोटीचं नाक यांच्यामध्ये हात जाईल एवढीच जागा उरली होती. दोन टोपल्या उलटून कोळंबी सिमेंटवर पसरली होती.

कुणाला काही लागलं नव्हतं. पण पास्कल धावत आला आणि माझ्याकडे न बघता बहिणीला म्हणाला, "बस झालं. मी पहिलाच बोललो होतो. ड्रायव्हर ठेव आणि बाजूला बस."

"मना ड्रायव्हर नको."

"उद्या कोण मेलं तर?"

   मी तिचा डावा हात हातात घेऊन बघितला. मासळीचा बुळबुळीतपणा, बर्फाचं पाणी, कोळंबीच्या दोनचार मिशा चिकटलेल्या. लिव्हर गुळगुळीत स्टीलची होती. गॅरेजात ती रोज कोरड्या हाताने बसायची.

गाडी पास्कलला चालवता येईना, कारण पायाखाली क्लच नव्हता. मीच ती मरोळला परत आणली. रस्ताभर फिलोमिना बाजूला बसून होती. मालाडला सिग्नलवर थांबलो तेव्हा म्हणाली, "तू पण बोलशील आता. ड्रायव्हर ठेव."

"मी बोलणार नाही."

"मग काय बोलशील?"

"लिव्हर चुकीची आहे. बदलू."

"आणि परत सटकली तर?"

हा प्रश्न बरोबर होता. सटकणार नाही अशी लिव्हर बनवणं हे अर्धं काम. सटकली तरी गाडीने उडी मारू नये, हे उरलेलं अर्धं.

अन्वरभाईने मला गाळ्यात बाजूला घेतलं. "मॅडम, एक बात बोलूँ? इनको मना कर दो. कल को कुछ हो गया तो नाम अपना आएगा."

"तुमचं म्हणणं खरं आहे," मी म्हटलं. "म्हणून तर नीट करायचंय."

तो मान हलवत गेला. पण गेला तो लेथवर.

पहिली गोष्ट, बोटांनी आवळायची लिव्हर काढून टाकली. त्याऐवजी गिअरच्या मुठीवर एक रुंद, आडवी पट्टी बसवली. ती तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने खाली दाबायची. तिच्यावर खडबडीत रबर, आणि कडेला वर वळवलेला ओठ, म्हणजे हात घसरला तरी ओठाला अडतो. बोटं मोकळी, त्यांनी गिअर टाकायचा.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. ऑफिसच्या काचेच्या दाराला वरती एक दांडा असतो. दार सोडून दिलं तरी ते आपटत नाही, हळू बंद होतं. दांड्याच्या आत तेल असतं आणि ते बारीक भोकातून जातं म्हणून वेळ लागतो. आमचा क्लचही तेलावरच चालत होता. त्या तेलाच्या नळीत एक व्हॉल्व्ह बसवायचा. दाबताना तेल सरळ जाईल, परत येताना बारीक भोकातूनच येईल. हात अचानक सुटला तरी क्लच हळूच लागेल.

कागदावर सोपं. भोक जरा लहान झालं की क्लच इतका हळू लागायचा की घासून जळायचा. गाळ्यात जळक्या क्लचचा वास भरायचा आणि शेजारचे प्लास्टिकवाले ओरडायचे. भोक जरा मोठं झालं की परत उडी. अन्वरभाई भोकं पाडत राहिला, मी बसवत राहिले, फिलोमिना बाजार आटोपून येत राहिली. एकदा मी तिला म्हटलं, "कंटाळलीस तर सांग." ती म्हणाली, "तू कंटाळलीस काय?" मी म्हटलं नाही. "मग भोक पाड."

ट्रायल आता कोरड्या हाताने नव्हती. ती डब्यातून बर्फाचं पाणी आणि मांदेली आणायची, त्यात हात बुडवायची आणि मग सीटवर बसायची. गाळ्यामागे आम्ही लोखंडी रॅम्प लावला होता. त्याच्यावर गाडी चढवून मधोमध थांबवायची, गिअर टाकायचा आणि पट्टीवरून हात मुद्दाम, एकदम उचलायचा. पहिल्यांदा ते मी केलं. तिला करायला सांगायच्या आधी ते मीच करायला हवं होतं. गाडी थरथरली, जरा दम खाल्ला आणि हळूच वर सरकली. अन्वरभाई मागे लाकडाचे ठोकळे घेऊन उभा होता. ठोकळे खाली ठेवून म्हणाला, "अब बैठने दो उनको."

मग तिने केलं. आणि परत केलं. मी थांब म्हणेपर्यंत करत राहिली.

आरटीओचे इन्स्पेक्टर तरुण होते आणि घाईत होते. त्यांनी आधी स्वतः गाडी चालवून बघायचं ठरवलं. बसले, आणि सवयीने डावा पाय जिथे पेडल नव्हतं तिथे जोरात आपटला. आम्ही कुणी हसलो नाही. मग त्यांनी सांगितलं, "मॅडमनाच चालवू दे."

"साहेब, एक मिनिट," फिलोमिना म्हणाली. बाटलीतलं पाणी तिने दोन्ही हातांवर ओतलं.

"हे काय?"

"मी कोळीण हाय साहेब. माझे हात कोरडे कवाच नसतात. कोरड्या हाताची टेस्ट घेऊन तुमाला काय कळणार?"

इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना व्हॉल्व्हचं सांगितलं, काचेच्या दाराचं उदाहरण देऊन. ते म्हणाले, "हात सोडून दाखवा." तिने चढावर थांबवून हात सोडून दाखवला. त्यांनी आणखी एकदा दाखवायला लावला. तिसऱ्यांदा ते स्वतः बाजूच्या सीटवर बसले. उतरल्यावर मला म्हणाले, "याचं ड्रॉइंग जोडा फाइलला. अजून कुणी आलं तर मला दाखवता येईल."

ती पास झाली. गाडीही.

त्यानंतरच्या आठवड्यात मी एकदा मढला गेले. कामासाठी नव्हे, बघायला. पास्कलची बोट उशिरा आली. टेम्पो केव्हाच गेला होता. फिलोमिनाने गाडी वाळूत उतरवली, फाळका पाडला, टोपल्या सरकवल्या आणि त्याच सिमेंटच्या उतारावर आली. पुढे कुणीतरी आडवं गेलं. ती मधोमध थांबली. बोटींजवळची माणसं हातातलं काम सोडून बघायला लागली. पास्कल तर जाळं टाकून उभाच राहिला.

ती निघाली. गाडी कुरकुरली नाही की दचकली नाही. वर रस्त्याला लागून मालाडच्या दिशेने वळली तेव्हा तिने मागे वळून हातसुद्धा केला नाही. बाजाराला उशीर होत होता.

पास्कल माझ्याजवळ आला. "मना पण शिकवशील काय, ही गाडी चालवायला?"

"तिलाच विचार," मी म्हटलं. "मालकीण ती आहे."

तिने अजून त्याला शिकवलेलं नाही, असं ऐकते.

यातून शिकण्यासारखं फार नाही. जुनी गाडी घेताना रंगाकडे बघू नका, सांगाडा ठोकून बघा, हे कुणीही मेकॅनिक सांगेल. माझ्या कामापुरतं मी एवढं बदललं आहे की गिऱ्हाईक आलं की मी आता गाडीची चौकशी नंतर करते. आधी विचारते, तुम्ही काम काय करता, आणि ते काम करून उठल्यावर तुमचे हात कसे असतात. लोकांना प्रश्न विचित्र वाटतो. परवा एक बेकरीवाला आला होता, त्याने हात पुढे केले. कोपरापर्यंत मैदा होता. मी म्हटलं, बसा, आता बोलू.